छोटा सी, मोठा सी, मुक्काम चिकलठाणा

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. रोजचं काम करता करता ते मागं पडत जातात आणि एक दिवस बघावं तर ढीग! आमच्या ऑफिसातली जुनी मंडळी एखाद्या लग्नात भेटली, की पंगत बसायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "विजयाताई, तो ढक्कनचा सांगा ना!" एक सांगितला की त्याच्यामागनं दुसरा निघतो. शेजारी बसलेले नवरदेवाचे मामा आधी कंटाळतात, मग कान देतात आणि शेवटी खुर्ची ओढून आमच्यातच येऊन बसतात.

आमचं ऑफिस चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होतं. पुढं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आणि मागं दोन खोल्यांत आम्ही. बाटल्या भरायची मशीन, बॉयलर, पंप, असल्या यंत्रांना चालवणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. मालक इंगळे सर. त्यांच्या हाताखाली मोईनभाई, मी आणि नंतर आलेली सुरेखा. इतकीच मूळ माणसं.

आणि गंमत अशी, की आमचे निम्मे किस्से एकाच गोष्टीचे आहेत. फायलीच्या नावाचे! प्रोग्राम म्हणजे तरी काय, लिहिलेला मजकूरच. तो फायलींत ठेवायचा. फायलीला एक नाव आणि नावापुढं टिंब देऊन एक शेपटी. त्या शेपटीवरून कॉम्प्युटरला कळतं, की आतला मजकूर कुठल्या भाषेतला आहे. एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीनं आम्हाला काय काय दाखवलं म्हणून सांगू!

*

सुरुवात माझ्या इंटरव्ह्यूपासूनच झाली.

मी हर्सूलहून दोन रिक्षा बदलून गेले होते. रात्र जागून सगळं पुस्तक पाठ केलेलं. इंगळे सरांनी पुस्तकातलं एक अक्षर विचारलं नाही. कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, "एका भट्टीचं टेम्परेचर मोजायचा प्रोग्राम आहे. सी भाषेतला. तो लिहू नका. त्या फायलीला फक्त नाव द्या."

मला वाटलं, सोपंय. मी लिहिलं, temp.c.

सरांनी चष्मा वर केला. "टेम्प म्हणजे टेम्परेचर, का टेम्पररी?"

"टेम्परेचर, सर."

"तुम्हाला माहितीय. पण दोन वर्षांनी इथं दुसरं कुणी बसलेलं असंल. त्याला वाटंल, टेम्पररी फाइल दिसतीय, टाका पुसून. आणि तिकडं भट्टी?"

नोकरी गेली असं समजून पर्स उचलली. सर म्हणाले, "सोमवारी या."

मला खरंच वाटेना. दारातून वळून विचारलं, "सर, मग मी टेम्पररी का परमनंट?"

सर म्हणाले, "तुमच्या नावात तरी काही घोळ दिसत नाही. परमनंट!"

*

तेव्हा डॉसचा जमाना होता. फायलीचं नाव आठच अक्षरांत बसवायचं, वर तीन अक्षरांची शेपटी. त्याच्यापुढं एक अक्षर चालायचं नाही. इंग्रजी शब्द केवढाले लांब, बसवायचे कसे?

यात आमच्या मोईनभाईंचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या आजोबांनी पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या कचेरीत उर्दू दप्तर लिहिलेलं. घरात सगळ्यांना उर्दू वाचायची सवय, आणि उर्दूत ज़ेर-ज़बर, म्हणजे स्वरांच्या खुणा, सहसा लिहीतच नाहीत. मोईनभाई इंग्रजी नावातले सगळे स्वर काढून टाकायचे. मोटर कंट्रोलचं MTRCNTRL.C. बरोब्बर आठ! पॅनेल डिस्प्लेचं PNLDSPLY.C. पुन्हा आठ!

एकदा मुंबईहून एक इंजिनिअर आले. यादी बघून म्हणाले, "हे वाचता कसं येतं तुम्हाला?"

मोईनभाई म्हणाले, "साब, बचपन से बिना ज़ेर-ज़बर का पढ रहे हम. पढनेवाला समझदार हो तो हर्फां काफी हैं."

मुंबईकर गार! आम्ही दोन दिवस ताठ मानेनं फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी वाळूजच्या एका कारखान्याचं काम उघडलं. त्यांच्याकडं एक बॉयलर आणि एक ब्लोअर. मोईनभाईंनी सोमवारी बॉयलरचा प्रोग्राम लिहून ठेवला होता, BLR.C. गुरुवारी ब्लोअरचा लिहिला. डब्ल्यूचा उच्चार होत नाही म्हणून तोही गाळला आणि नाव दिलं, BLR.C!

दुसरा पहिल्याच्या उरावर जाऊन बसला. बॉयलर गायब! मोईनभाई पडद्याकडं बघत बसले. शेवटी त्यांनी उसासा टाकला, "अब समझा, ज़ेर-ज़बर काय कू बनाए लोगां!"

*

या बॉयलर प्रकरणानंतर इंगळे सरांनी नियम काढला. यंत्राच्या ज्या भागाचा प्रोग्राम, त्या भागाच्या नावाची पहिली तीन अक्षरं. स्वरासकट! बॉयलर BOI.C. ब्लोअर BLO.C. पंप PUM.C. भांडणच नको.

सुरेखा तेव्हा नुकतीच लागली होती. गाव खुलताबादच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. सरकारी तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केलेला. बोलायची कमी, पण काम असं नेटकं, की आम्हीच तिची वही बघायचो. पहिलं स्वतंत्र काम म्हणून सरांनी तिला कन्व्हेयर दिला. बाटल्या पुढं नेणारा पट्टा.

सकाळी नऊला बसली ती संध्याकाळी चारला मान वर केली. नियमाप्रमाणं नाव दिलं, CON.C. सेव्ह केलं. तर तिनं लिहिलेला सगळा मजकूर पडद्यावरून सरसर सरसर वर पळाला आणि थांबला. पोरगी खूश. मशीन बंद केलं, डबा आवरला, पुन्हा एकदा बघावं म्हणून मशीन चालू केलं, तर फाइल नाही!

दिवसभराचं काम. एकदाही मधे सेव्ह केलेलं नाही. तिचा चेहरा पांढराफटक.

झालं असं होतं, की डॉसमध्ये CON हे नाव खुद्द पडद्यासाठी राखून ठेवलेलं. पुढं कुठलीही शेपटी लावा, त्या नावानं ठेवलेलं सगळं पडद्यावर जायचं आणि तिथंच संपायचं. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. नियम काढणाऱ्या सरांना तर मुळीच नाही!

सर धावत आले. "काय झालं, सुरेखा?"

ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, मी सेव्ह कर म्हणलं, तर त्यानं नुसतं वाचून दाखवलं!"

सरांनी तिच्यासमोर सरळ हात जोडले. "चूक माझी. नियम माझा." तो नियम त्यांनी त्याच मिनिटाला फळ्यावरून पुसला. आणि सुरेखानं? डोळे पुसले, दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तो सगळा प्रोग्राम आठवणीतून जसाच्या तसा लिहून काढला. दुपारी जेवायच्या आत! मोईनभाई त्या दिवसापासून तिला नुसत्या नावानं हाक मारायचे बंद झाले. "सुरेखाजी" म्हणायला लागले.

*

मग आलं लिनक्स.

एका मोठ्या कारखान्याला आमची मोटर तपासायची सिस्टिम बघायची होती. अट एकच, ती लिनक्सवर चालली पाहिजे. मिळालं तर चिकलठाण्यातल्या दोन खोल्यांतल्या ऑफिसाला वर्षभराचं काम. त्यांचे साहेब सकाळी अकराला येणार. आम्ही आठलाच हजर. मोईनभाईंनी डॉसवरच्या सगळ्या फायली फ्लॉपीवरून नव्या मशीनवर उतरवल्या, प्रोग्राम बांधायला घेतला आणि चुकांचा पाऊस सुरू!

एक नाही, दोन नाही, पडदाभर चुका. जो प्रोग्राम काल संध्याकाळपर्यंत मोटरी फिरवत होता, तो आज म्हणतो, मला हे समजतच नाही.

मोईनभाईंच्या प्रोग्राममध्ये दोन नावं सगळीकडं होती. मोटरचं आधीचं रीडिंग ते old मध्ये ठेवायचे आणि आत्ताचं new मध्ये. old बद्दल कॉम्प्युटरची काही तक्रार नाही. जिथं new दिसेल तिथं मात्र बोंब! मोईनभाई म्हणाले, "इसकू नये से क्या दुश्मनी है?"

साडेनऊ झाले. सर बाहेर जाऊन वर्कशॉपच्या दारात उभे राहिले. ते टेन्शनमध्ये असले की लोखंड कापलेलं बघायचे.

सुरेखा मागं उभी राहून चुकांची यादी वाचत होती. म्हणाली, "ताई, एक फाइल अजिबात रडंना. बघितलं का?"

"कुठली?"

"ही. तपासलेल्या मोटरवर शिक्का उमटवायची. ही मी काल इथंच बसून लिहिलेली."

"मग?"

"बाकीच्या सगळ्या डॉसवरून आल्यात. त्यांची नावं कॅपिटलमध्ये. शेपटीचा सी पण मोठा. माझा सी छोटा हाय."

मोईनभाई म्हणाले, "सी तो सी है. बडा क्या, छोटा क्या!"

डॉसला खरंच फरक पडत नव्हता. पण लिनक्सला पडतो! सी भाषेला एक बहीण आहे, सी प्लस प्लस. जन्मली नंतर, पण पसारा मोठा, म्हणून आमच्या लेखी ती थोरली. दिसायला, बोलायला बरीचशी सारखी. लिनक्सवरचा आमचा कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासून बांधून देणारा, छोटा सी दिसला की समजायचा ही सी भाषा. मोठा सी दिसला की समजायचा ही सी प्लस प्लस! आणि त्या थोरलीच्या घरात new हा राखीव शब्द. दुसऱ्या कुणी वापरायचा नाही.

म्हणजे मोईनभाई बोलत होते धाकटीशी आणि ऐकत होती थोरली!

सुरेखा खुर्चीवर बसली. सगळ्या मोठ्या सींचे छोटे सी करायला तिला किती वेळ लागला असंल? मी चहा ओतला तेवढाच. पुन्हा बांधायला घेतलं. एक ओळ नाही, एक चूक नाही. पडदा कोरा.

अकराला साहेब आले. मोटर फिरली. साडेअकराला हात मिळवले. काम मिळालं!

साहेब निघताना म्हणाले, "लिनक्सवर आणायला खूप बदल करावे लागले असतील?"

सरांनी सुरेखाकडं बघितलं. सुरेखानं खाली मान घातली आणि म्हणाली, "एकच अक्षर, सर. तेपण छोटं केलं."

*

पुढं आम्ही खरोखरच थोरल्या बहिणीकडं, सी प्लस प्लसकडं गेलो. आता तिची शेपटी काय ठेवायची? तिच्या शेपट्या एक सोडून चार चालतात. मोईनभाई म्हणाले .cc. सुरेखा म्हणाली .cpp. दोघंही शहाणी, दोघंही हट्टी.

सकाळी मोईनभाई आले की सगळ्या फायलींची .cc करायचे. ते नमाजाला गेले की सुरेखा .cpp करायची. असं चार दिवस! दोघांचं बोलणं बंद. मी मधे बसून "त्यांना सांगा", "हिला सांगा" करतीय.

पाचव्या दिवशी सरांनी दोघांना समोर बसवलं. शांतपणे म्हणाले, "मी ठरवलंय. सी सी पण नको, सी पी पी पण नको. आजपासून .cxx."

दोघंही एकदम उसळली, "नाही!"

"का?"

"घाण दिसतं, सर!" सुरेखा.

"सुरेखाजी सही बोल रहीं. इससे तो सी पी पी अच्छा!" मोईनभाई.

सर म्हणाले, "ठीकाय. सी पी पी." आणि उठून गेले.

*

आता तो ढक्कनचा.

बाटलीला झाकण बसवायच्या मशीनचा प्रोग्राम होता. एव्हाना लांब नावं चालत होती, म्हणून सर म्हणाले, ऑपरेटरला कळतील अशी नावं द्या. ऑपरेटर सगळे आपल्याच भागातले, पैठणचे, गंगापूरचे. मी झाकणाच्या फायलीचं नाव दिलं, dhakkan.cpp. काही बिघडलं की मशीनच्या छोट्या पडद्यावर फायलीचं नाव आणि काय झालं ते यायचं.

मशीन बसवून आठवडा झाला. फोन आला. पलीकडं ऑपरेटर, आवाज दुखावलेला.

"म्याडम, मशीन तुमीच बनिवलं ना?"

"हो, काय झालं?"

"काय व्हायचंय? मी सकाळपासून नीट काम करायलोय. सुपरवायझर संगं हुबा. अन् तुमचं मशीन लाल दिवा लावून सगळ्यांसमोर मला ढक्कन म्हणायलंय!"

मी हसू दाबत त्याला समजावलं. तो म्हणाला, "आसं व्हय! मंजी झाकण अडकलंय." आणि त्यानं दोन मिनिटांत झाकण सोडवून मशीन चालू केलं. आधीच्या परदेशी मशीनवर नुसता आकडा यायचा आणि पुण्याहून माणूस येईपर्यंत लाइन बंद राहायची!

*

सुरेखाला जर्मनीला पाठवायचं ठरलं. तिथल्या एका कारखान्यात आमचं मशीन बसणार होतं. आमच्या ऑफिसातून परदेशी जाणारं पहिलं माणूस! सरांनी पेढे वाटले. आणि पासपोर्टचा अर्ज परत आला.

सुरेखाचं नाव शाळेच्या दाखल्यावर सुलेखा! पहिलीत नाव घालताना गुरुजींना तसं ऐकू आलं आणि घरात कुणाला वाचता येत नव्हतं. राशनकार्डावर सुरेखा, मतदार यादीत सुरेखा आणि सगळ्या मार्कशीटांवर सुलेखा.

त्याच दिवसांत आम्ही जावा भाषा शिकत होतो. तीही या सी घराण्यातलीच, पण फार कडक. तिच्यात प्रोग्रामच्या मुख्य भागाला, म्हणजे क्लासला, जे नाव आतमध्ये दिलंय, तेच्या तेच बाहेर फायलीला पाहिजे. एक अक्षर इकडचं तिकडं झालं की प्रोग्राम बांधायचंच नाकारते.

सर अर्ज वाचून म्हणाले, "पासपोर्ट ऑफिस जावात लिहिलेलं दिसतंय!"

मोईनभाई म्हणाले, "और स्पेलिंग भी देखता, सर!"

कुणीतरी सुचवलं, की सोपा रस्ता आहे. मार्कशीटं जास्त आहेत, तेव्हा सुलेखाच होऊन जा. राशनकार्ड बदलणं सोपं.

सुरेखा एरवी वाद घालत नाही. त्या दिवशी म्हणाली, "नाय सर. आत जे नाव हाय ते आईनं ठिवलंय. बदलायचं तर बाहेरचं बदलू."

ॲफिडेव्हिट, पेपरात जाहिरात, गॅझेट, किती खेटे घातले तिनं! पण दाखल्यापासून डिप्लोम्यापर्यंत सगळे कागद दुरुस्त करून घेतले. विमानात बसायच्या आधी तिनं मला पासपोर्ट उघडून दाखवला. म्हणाली, "ताई, कंपाइल झाला!"

*

जर्मनीचं काम झाल्यावर त्यांचा एक ऑडिटर आमच्याकडं आला. प्रत्येक फाइल उघडून बघायचा, नाव आणि आतला मजकूर जुळतो का ते तपासायचा. तीन दिवस. एकही फाइल चुकीची निघेना. आमच्याकडं सुरेखानं एका पानावर लिहिलेले नियम होते. नाव पूर्ण लिहायचं, सगळी अक्षरं छोटी, मधे जागा सोडायची नाही, सी असंल तर .c, सी प्लस प्लस असंल तर .cpp, आणि फाइल न उघडता आत काय आहे ते परक्या माणसाला सांगता आलं पाहिजे. ते पान भिंतीवर चिकटवलेलं.

ऑडिटरनं सरांना विचारलं, "तुम्ही कुठलं स्टँडर्ड पाळता?"

सर काय सांगणार? आमची चार माणसं, भांडून भांडून ठरवलेले नियम. सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "चिकलठाणा स्टँडर्ड."

त्यानं स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं! त्याच्या रिपोर्टमध्ये छापून आलं, की ही टीम चिकलठाणा स्टँडर्ड काटेकोरपणे पाळते.

वर्षभरानं पुण्याच्या एका कंपनीतून फोन. त्या रिपोर्टची प्रत त्यांच्याकडं पोचलेली. "सर, आमच्या क्लायंटचा आग्रह आहे. चिकलठाणा स्टँडर्डची कॉपी आम्हाला कुठं मिळेल?"

सर म्हणाले, "भिंतीवर आहे. यावं लागेल."

आले! दोन माणसं गाडी करून आली आणि पान उतरवून घेऊन गेली.

*

आणि हा शेवटचा. हा मी कधी मधे सांगत नाही.

सुरेखा आमच्या प्रोग्रामिंग विभागाची प्रमुख झाली. चारच्या जागी वीस माणसं, सगळी तिच्या हाताखाली. त्याच महिन्यात एका दुपारी तिचे वडील, आबा, ऑफिसात आले. न सांगता. पहिल्यांदाच. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायताण दाराबाहेर काढून ठेवलेलं. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. तेव्हाही शंभरावर होती आणि आबा स्वतः मागं हिंडायचे.

सुरेखा गडबडली. "आबा, काय झालं? घरी सगळं बरंय ना?"

"बरंय. तू काय करती ते बघाय आलो."

मग कळलं. गावात, भावकीत लोक विचारायचे, पोरगी शिकली, जर्मनीला जाऊन आली, ती करती काय? आबा म्हणायचे, कॉम्प्युटरात हाय. लोक म्हणायचे, मंजी काय करती? आबांना पुढं सांगता यायचं नाही. परवा कुणीतरी चारचौघांत हसलं होतं. बापालाच ठावं नाय म्हणून. ते त्यांच्या मनाला लागलं होतं.

इंगळे सरांनी त्यांना आपल्या खुर्चीजवळ बसवलं आणि समजावून सांगायला लागले. यंत्र कसं चालतं, त्याला हुकूम कसे देतात. आबा ऐकत होते, मान हलवत होते, पण डोळ्यांत काही पोचलेलं दिसंना. मोईनभाईंनी प्रयत्न केला. "आबासाहेब, ये समझो चिठ्ठी है, मशीनकू लिखी हुई." आबा म्हणाले, "चिठ्ठी लिव्हाया इतकी वर्सं शिकावं लागतं व्हय?"

सुरेखा ओशाळून उभी. शेवटी तिनं आपल्या कॉम्प्युटरवर सगळ्या फायलींची यादी उघडली. पडदाभर नावं, खाली सरकवलं तर आणखी पडदाभर, आणखी, आणखी.

आबा पुढं वाकले. "हे काय?"

"फायली, आबा. माझ्या ताब्यात असत्यात."

"किती हायेत?"

"चारेकशे असतील."

"असतील? मोजल्या न्हाईस?"

"नाय."

आबांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. मग विचारलं, "एखादी गेली तर?"

"कळतंय."

"मोजल्याबिगर?"

"व्हय."

आबा सरांकडं वळले. "साहेब, हिला भायेर धाडा. अन् ह्यातली एक काढा बगू."

सुरेखा वर्कशॉपमध्ये गेली. मोईनभाई खुर्चीत बसले. सगळं ऑफिस मागं गोळा झालेलं. मोईनभाईंनी अगदी मधली, एकसारख्या आठ-दहा नावांतली एक फाइल उचलली आणि दुसरीकडं ठेवली. मला जागा माहीत असून ती फट दिसंना.

"आता बलवा."

सुरेखा आली. बसली नाही. उभ्यानंच माउस धरला आणि यादी वरून खाली एकदा सोडली. एकदाच. हात थांबला.

"डाव्या अंगाचा पाण्याचा व्हॉल्व्ह कुठाय? मोईनभाई, द्या परत."

टाळ्या पडल्या. मोईनभाईंनी दोन्ही हात वर केले. सुरेखा लाजली आणि आबांकडं बघायला लागली.

आबा उठले, घोंगडी खांद्यावर नीट केली, सरांनी दिलेला चहा उभ्यानंच संपवला. दारात जाऊन पायताणात पाय घातले आणि मागं वळून सरांना म्हणाले,

"साहेब, येतो. पोरगी घरच्याच धंद्यात हाय."